दिंकिनेश लघुग्रह आणि शेतात सापडलेले काळे दगड : वाचकांची प्रश्नोत्तरे

नासाचं लुसी यान १ नोव्हेंबर २०२३ ला दिंकिनेशच्या जवळून, साधारण ४३० किमीवरून गेलं, तेव्हापासून तेच तेच प्रश्न येतायत. बरेचसे व्हॉट्सअॅपच्या फॉरवर्डमधून आलेले असतात, म्हणून इथे एकदाच उत्तरं देतो.

दिंकिनेश पृथ्वीवर आदळणार असं वाचलं. खरं का?

नाही. तो मंगळ आणि गुरूच्या मधल्या लघुग्रहांच्या पट्ट्याच्या आतल्या कडेला फिरतो, सूर्याभोवती एक फेरी सव्वातीन वर्षांत, आणि पृथ्वीच्या वाटेवर कधी येतच नाही. तो फॉरवर्ड डिलीट करा.

घरच्या टेलिस्कोपमधून दिसेल का?

नाही दिसणार. जेमतेम पाऊण किलोमीटरचा दगड आहे, फार अंधुक. वेस्टा बघा, तोही आतल्याच पट्ट्यात आहे आणि जवळ आला की साध्या दुर्बिणीतून दिसतो. नवीन टेलिस्कोप घेणार असाल तर आधी जवळच्या आकाशनिरीक्षण मंडळात जाऊन विचारा, बॉक्सवर छापलेलं "६०० पट" वाचून पैसे देऊ नका.

एवढ्या छोट्या लघुग्रहाला चंद्र कसा काय?

प्रश्न छान आहे. लुसीच्या फोटोत हा चंद्र अचानक सापडला, सेलाम त्याचं नाव, दिंकिनेशपासून तीन किमीवर, आणि तो एक गोळा नाही तर प्रत्येकी दोनशे-सव्वादोनशे मीटरचे दोन गोळे एकमेकांना चिकटलेले आहेत. असा जोड-चंद्र त्याआधी कुठल्याच लघुग्रहाभोवती पाहिलेला नव्हता. तापलेला पृष्ठभाग उष्णता बाहेर टाकतो तेव्हा अगदी बारीक धक्का बसतो, आकार वेडावाकडा असला की त्या धक्क्याने फार मोठ्या काळात गिरकी वाढत जाते, मग विषुववृत्तावरचे दगडगोटे सुटतात आणि त्यातूनच चंद्र जमतो, असा अंदाज आहे. दिंकिनेशच्या पोटावर एक उंचवटा आणि खोल चर आहे आणि आजही तो पावणेचार तासांत एक गिरकी घेतो. पण चंद्राचे दोन गोळे कसे झाले हे अजून नीट उलगडलेलं नाही.

मुलीच्या नावाने लघुग्रह रजिस्टर करून देतो म्हणून एकजण पैसे मागतोय.

देऊ नका. लघुग्रहाचं नाव सुचवायचा हक्क शोधणाऱ्याचा, आणि मान्यता देते आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाची समिती. नाव विकत मिळत नाही. त्या सर्टिफिकेटला काडीची किंमत नाही. पैसे गेले असतील तर सायबर पोलिसांकडे तक्रार करा, आजच.

शेतात काळा जड दगड सापडलाय, मॅग्नेट चिकटतो. दोन वर्षं घरात आहे. लघुग्रहाचा तुकडा असेल का?

बहुतेक नसेल. आपल्या काळ्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे लोखंडाचं खनिज असतं, त्यामुळे आपल्याकडच्या साध्या दगडालाही मॅग्नेट चिकटतो, आणि भट्टीतल्या स्लॅगलाही, म्हणजे धातू वितळवताना उरलेल्या मळीलाही. दगडात बुडबुड्यांची भोकं असतील तर तो अशनी, म्हणजे अंतराळातून पडलेला दगड, नसण्याचीच शक्यता जास्त.

पण ती दोन वर्षं वाचून मला फार वाईट वाटतं, कारण खरा ताजा अशनी असता तर केवढं नुकसान झालं असतं ते बघा. असे दगड पट्ट्याच्या या आतल्या भागातून गुरू-शनीच्या ओढीने वाट सोडून आपल्याकडे येतात, आणि हायाबुसा यानाने इटोकावा लघुग्रहावरून २०१० मध्ये आणलेल्या कणांनी दाखवून दिलं की नेहमी पडणारे दगडी अशनी हे दिंकिनेशच्याच जातीच्या लघुग्रहांचे तुकडे आहेत, म्हणजे ज्याच्यासाठी एवढं मोठं यान पाठवावं लागतं तसा नमुना तुमच्या बांधावर फुकट येऊन पडलेला असू शकतो. अंतराळात वैश्विक किरणांनी त्यात किरणोत्सारी अणू बनतात, त्यातल्या सोडियम-२४ चं अर्धायुष्य (निम्मे अणू संपायला लागणारा वेळ) १५ तास, मँगनीज-५४ चं साधारण ३१२ दिवस. अंतराळात मूळ दगड किती मोठा होता, हा तुकडा त्याच्या किती आत होता हे त्यांच्यावरून कळतं, आणि तुम्ही कपाटात ठेवलेला प्रत्येक आठवडा ती माहिती कमी करतो. आणि मॅग्नेट लावूच नका! काही अशनींमध्ये सूर्यमालेच्या सुरुवातीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद साडेचार अब्ज वर्षं टिकून असते, ती तुमचा स्पीकरमधला मॅग्नेट एका क्षणात पुसतो. यूट्यूबवर "मॅग्नेट लावून बघा" सांगणाऱ्यांना हे कोणीतरी सांगायला हवं.

पुढे कधी असा दगड पडलेला दिसला तर धुऊ नका, तेल-कुंकू नको, लिंबू-ॲसिड नको, ग्राइंडर तर अजिबात नको. जागेवरच फोटो काढा, बाजूला एखादं नाणं ठेवून, लोकेशन सेव्ह करा, स्वच्छ ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळा आणि लगेच तहसील कार्यालयाला कळवा किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाशी संपर्क करा, अशनी जपून ठेवण्याचं काम त्यांचंच. फोटोवरून मी खात्रीने काही सांगणार नाही, आणि कोणी सांगत असेल तर त्याचं ऐकू नका. तुमचा दगडसुद्धा जवळच्या कॉलेजच्या भूगर्भशास्त्र विभागात दाखवून घ्या.

ऑनलाइन अशनीची अंगठी मिळते, घेऊ का?

लगेच नको. लॅबचा रिपोर्ट आधी मागा, आणि तो एखाद्या भूशास्त्रज्ञाला दाखवल्याशिवाय एक रुपया देऊ नका.