हिंमत आधी की कृती आधी?

प्रश्न : दोन मुलाखतींत नकार मिळाल्यापासून नवा अर्ज भरायला मन धजावत नाही. रोज ठरवते, पण संध्याकाळपर्यंत काहीच होत नाही. हिंमत कुठून आणू?

उत्तर : हिंमत यायची वाट पाहू नका, ती बहुधा कृतीनंतर येते. अर्ज टाळला की लगेच सुटल्यासारखं वाटतं आणि तो दिलासाच टाळण्याची सवय पक्की करतो. तुमचा आळस नव्हे, हे चक्र तोडायचं आहे.

कागदावर भीतीची शिडी काढा, म्हणजे सोप्याकडून अवघडाकडे जाणाऱ्या पायऱ्या लिहा. जाहिरात वाचणं, अर्ज अर्धा भरणं, मैत्रिणीसमोर सराव मुलाखत, खरी मुलाखत. प्रत्येक पायरीपुढे 0 ते 100 मध्ये भीतीचा आकडा लिहा आणि 30-40 वाल्या पायरीपासून सुरुवात करा. तीच पायरी पुन्हा पुन्हा करा. आकडा निम्म्यावर आला की पुढची. बहुतेकांचं बिनसतं ते इथे : उत्साहाच्या भरात थेट 80 वर उडी, किंवा भीती शिगेला असताना माघार. जमेना तर पायरीचे दोन तुकडे करा, पण सोडू नका.

‘उद्या करेन’ हे मोघम झालं. ‘सकाळचा चहा संपला की टेबलाशी बसून दहा मिनिटं अर्ज भरेन’ असं वेळ-जागेसकट लिहा. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी अशा ‘जर-तर’ योजनांवर बरंच संशोधन केलं आहे. अडथळ्याचंही लिहून ठेवा : फोन वाजला, तर दहा मिनिटांनंतर उचलेन.

मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर शिडी बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना भेटा.