औषधाविना हटलेला नारू आफ्रिकेत अजून का रेंगाळतो?

प्रश्न : माझे बालपण मंगळवेढा तालुक्यातील एका खेड्यात गेले. गावातल्या पायऱ्यांच्या विहिरीचे पाणी पिऊन अनेकांच्या पायांतून नारू हा दोऱ्यासारखा लांब कृमी निघत असे आणि तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढावा लागे. आपल्याकडून हा रोग गेला. पण आफ्रिकेत त्यावर अजून संशोधन चालू असल्याचे वाचनात आले. ज्या रोगावर ना लस ना औषध, तो इथून गेला कसा आणि तिथून का जात नाही?
— एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर

उत्तर : तिथूनही तो जवळजवळ गेलेला आहे, हे आधी सांगायला हवे. १९८६ च्या सुमारास जगात दरवर्षी अंदाजे ३५ लाख लोकांना नारू होत असे. २०२३ मध्ये अवघ्या १४ रुग्णांची नोंद झाली.

नारू झालेला माणूस पाण्यात उतरला की जखमेतून कृमीच्या अळ्या पाण्यात सुटतात, सायक्लॉप्स नावाचे बारीक जलचर त्या गिळतात, ते पाणी न गाळता पिणाऱ्याच्या शरीरात अळ्या वाढतात आणि सुमारे वर्षभराने हातभराहून लांब मादी कातडी फोडून बाहेर येते. ही साखळी पाण्याच्या काठीच तोडता येते. पायऱ्यांच्या विहिरींना कठडे बांधून पाणी शेंदण्याची सोय करणे, हातपंप बसवणे, फडक्याने पाणी गाळणे आणि पाण्यात टेमेफॉस हे कीटकनाशक टाकून सायक्लॉप्स मारणे, एवढ्यावर आपली मोहीम यशस्वी झाली. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये जोधपूर जिल्ह्यात आढळला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त असल्याचे प्रमाणित केले.

आफ्रिकेतही हेच उपाय लागू पडले. सुदानमध्ये यादवी युद्धामुळे गावांपर्यंत पोचणेच अशक्य होते, तेव्हा १९९५ मध्ये अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या मध्यस्थीने काही महिन्यांचा युद्धविराम झाला आणि त्या अवधीत गाळणी वाटली गेली.

खरा पेच चाड देशात पडला. तिथे दहा वर्षे एकही रुग्ण नोंदला गेला नव्हता. २०१० मध्ये रुग्ण पुन्हा सापडले आणि २०१२ पासून कुत्र्यांच्या अंगातूनही नारू निघताना दिसू लागला. जनुकीय तपासणीत कुत्र्यांमधला आणि माणसांमधला कृमी एकच ठरला. चारी नदीच्या काठी मासे साफ करून टाकलेली आतडी कुत्री खातात. मासे किंवा बेडूक यांच्यामार्फत अळ्या कुत्र्यांच्या पोटात जात असाव्यात, असे संशोधकांचे अनुमान आहे. म्हणून तिथे आतडी पुरायला सांगतात, आणि नारू झालेला कुत्रा पाण्यात उतरू नये म्हणून त्याला बांधून ठेवायला लावतात. नारूची खबर देणाऱ्याला रोख बक्षीसही मिळते. माझ्या मते या संशोधनाचा कणा हा खबर देणारा गावकरीच आहे, कारण कोणाच्या कुत्र्याच्या पायाला फोड आला, हे गावकऱ्याने सांगितल्याशिवाय कोणत्याही शास्त्रज्ञाला कळणार नाही. कुत्रा दिवसेंदिवस बांधून सांभाळणे किती जाचक असते, हे शिवारात कुत्री मोकळी सोडणाऱ्या आपल्या गावांना वेगळे सांगायला नको.

इथिओपियात बबून माकडांतही नारू आढळला असून तिथे साखळीने बांधण्याचा उपाय अर्थातच चालत नाही. नारूमुक्तीच्या प्रमाणपत्रासाठी सलग तीन वर्षे नवा संसर्ग आढळता कामा नये आणि जागतिक उद्दिष्ट २०३० चे आहे.