तिकीट काढल्यावर विमानाची वेळ बदलली तर कसं कळेल?

चार महिने आधी तिकीट काढलंत, तर वेळ बदलेल हे धरूनच चाला. विमानांचं वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. तुमचा प्रवास त्या तारखेपलीकडे असेल तर जास्त लक्ष ठेवा.

तिकीट एजंटकडून काढलं असेल तर बऱ्याचदा विमान कंपनीकडे मोबाइल नंबर एजंटचाच असतो, मेसेज त्यालाच जातो. माझ्या आईचं पुणे-दिल्ली विमान सकाळी ९:४० वरून ६:१५ वर आलं, आम्हाला पत्ताच नाही. आदल्या रात्री वेब चेक-इन करताना दिसलं. तेव्हापासून तिकीट हातात आलं की आधी कंपनीच्या साइटवर सहा अक्षरी पीएनआर (तिकिटावरचा बुकिंग नंबर) टाकून स्वतःचा मोबाइल नंबर आणि ईमेल घालते. मग पंधरा दिवसांनी एकदा, आणि शेवटच्या आठवड्यात रोज बघते. विमानाचा नंबरही ताडून बघा, कधीकधी तोच बदलतो.

पुढचं विमान वेगळ्या तिकिटावर असेल तर अर्ध्या तासाचा बदलही महागात पडतो. नवी वेळ जमत नसेल तर ‘स्वीकारा’ बटण दाबू नका, आधी कंपनीला फोन करून दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत मागा.