रोज 50 इंग्रजी शब्द पाठ करते, आठवड्यात विसरते. काय करू?

तुम्ही लिहिलंय की बँकेच्या परीक्षेसाठी रोज 50 अवघड शब्द मराठी अर्थासकट पाठ करता आणि आठवड्यात निम्मे उडून जातात. आधी तो आकडा 7-8 वर आणा. तुमच्या स्मरणशक्तीत काही खोट नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउसने 1885 मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की निरर्थक अक्षरं पाठ केली तर पहिल्या दिवसातच बरीचशी गळतात. यादीतला सुटा शब्द डोक्याला तसाच वाटतो.

शिवाय यादीतला अर्थ फसवतो. नोकरीत नवी असताना एका साहेबांच्या निरोपसमारंभात मी त्यांना 'नोटोरियस' म्हणाले. पाठ केलेला अर्थ होता 'प्रसिद्ध', खरा अर्थ कुप्रसिद्ध. साहेब काही बोलले नाहीत, पण त्यांच्या पत्नीने खाली घातलेली मान मला अजून दिसते. तेव्हापासून शब्द कौतुकाचा की नावं ठेवण्याचा, हे मी आधी बघते. 'फ्रूगल' म्हणजे काटकसरी, 'स्टिंजी' म्हणजे चिक्कू. हिशेब दोघेही ठेवतात, पण आईला पहिला शब्द चालेल, दुसरा नाही. 'रिलक्टंट'समोर 'अनिच्छुक' लिहू नका, 'का-कू करणारा' लिहा, लगेच माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो.

आपल्याला आणखी एक सोय आहे. मी वडोदऱ्यात दांडिया बाजारात वाढले. शाळा गुजराती, घरी मराठी, आणि आजोबांमुळे थोडं संस्कृत. 'इग्नाइट' म्हणजे पेटवणं, त्यात अग्नी, 'नॉव्हिस' म्हणजे नवशिका, त्यात नव, 'मॉर्टल' म्हणजे मर्त्य, त्यात मृत, 'सेप्टुआजेनेरियन' म्हणजे सत्तरीतल्या माणसात सप्त. हा योगायोग नाही. हे इंग्रजी शब्द मूळचे लॅटिन, आणि संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून आल्या असाव्यात, असं भाषांचे इंग्रज अभ्यासक विल्यम जोन्सने 1786 मध्ये कोलकात्यात सांगितलं होतं. मात्र दिसायला सारखा तो प्रत्येक शब्द नात्यातला नसतो, कोशात व्युत्पत्ती बघूनच खात्री करा.

वहीत डावीकडे शब्द, उजवीकडे घरातल्या कुणाबद्दल तरी स्वतःचं वाक्य. उजवी बाजू झाकून दुसऱ्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि महिन्यानंतर आठवून बघा. नुसतं वाचू नका, आठवा. अडलेला शब्द दुसऱ्या दिवशी परत घ्या.

आज 'फ्रूगल', 'रिलक्टंट' आणि 'नॉव्हिस' यांची वाक्यं लिहून इथे टाका, मी तपासून देईन.