२४-२ चा तो सामना आणि ॲलन ट्रॅव्हर्स

तुमचा प्रश्न असा की १८ मे १९१२ ला फिलाडेल्फिया ॲथलेटिक्सनी डेट्रॉइट टायगर्सचा २४-२ असा धुव्वा उडवला, मग त्या सगळ्या रन्स देणाऱ्या टायगर्सच्या ॲलन ट्रॅव्हर्सला बेसबॉलमधला सर्वांत वाईट पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, म्हणायचं का? माझ्या मते अजिबात नाही.

मुळात त्या दिवशी खरे टायगर्स खेळलेच नाहीत. तीन दिवस आधी न्यूयॉर्कमध्ये त्यांचा सर्वांत मोठा खेळाडू टाय कॉब शिव्या देणाऱ्या एका प्रेक्षकावर स्टँडमध्ये घुसून तुटून पडला. त्या माणसाचा एक हात छापखान्यातल्या अपघातात गेलेला, दुसऱ्याचीही बोटं तुटलेली. त्या मारहाणीचं समर्थन होऊच शकत नाही. पण अमेरिकन लीगचे, म्हणजे हे संघ ज्या स्पर्धेत खेळत तिचे, अध्यक्ष बॅन जॉन्सन यांनी सुनावणी न घेताच कॉबला बेमुदत निलंबित केलं, आणि एरवी ज्यांचं त्याच्याशी फारसं पटत नव्हतं ते सहकारीही संपावर गेले. संघ उतरला नाही तर मालक फ्रँक नॅव्हिन यांना सामन्यामागे ५,००० डॉलर दंड होता. तो वाचवायला मॅनेजर ह्यूई जेनिंग्ज यांनी फिलाडेल्फियातलीच मिळतील ती पोरं गोळा केली.

ट्रॅव्हर्स वीस वर्षांचा, सेंट जोसेफ्स कॉलेजचा विद्यार्थी. कॉलेजच्या संघाच्या व्यवस्थापनात मदत करायचा, खेळाडू म्हणून त्या संघातही नव्हता. त्याचे चेंडू झेलायला फलंदाजामागे कॅचर होते डीकन मॅकग्वायर, संघाचे प्रशिक्षक, वय ४८. पहिल्या बेसवर दुसरे प्रशिक्षक जो सग्डन, तेही चाळिशी ओलांडलेले. आणि समोर मॅनेजर कॉनी मॅक यांचा ॲथलेटिक्स संघ, १९१० आणि १९११ चा जगज्जेता! फलंदाजांनी जोरात मारलेला चेंडू अंगावर येऊन पोराला इजा होईल या भीतीने जेनिंग्जनी त्याला वेगवान चेंडू टाकूच नकोस असं बजावलं होतं. ट्रॅव्हर्सनेच हे पुढे सांगितलंय.

आता आकडे नीट बघा. त्याने आठ इनिंग्ज, म्हणजे समोरच्या संघाच्या फलंदाजीच्या आठ पाळ्या, टाकल्या; २६ हिट्स (फलंदाजाला बेस मिळवून देणारे फटके) आणि २४ रन्स दिल्या. पण त्यातल्या अधिकृतपणे पिचरच्या नावावर लागलेल्या रन्स १४. उरलेल्या १० क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे आलेल्या. आणि बदली पिचर नसताना पोरगा शेवटपर्यंत टाकत राहिला. मला तर याचंच जास्त कौतुक वाटतं. त्याच संघातल्या एड अर्विननेही दोन ट्रिपल मारले, म्हणजे दोनदा एका फटक्यात तिसरा बेस गाठला. या सामन्याची आठवण निघते तेव्हा त्याचं नावही निघायला हवं.

पुढचा सामना रद्द झाला. कॉबनेच सहकाऱ्यांना परत जायला सांगितलं आणि २१ मे रोजी वॉशिंग्टनला खरा संघ उतरला. शिक्षा बघा: कॉबला ५० डॉलर दंड आणि दहा दिवसांचं निलंबन, तर त्याच्यासाठी संपावर गेलेल्यांना प्रत्येकी १०० डॉलर. मारहाण करणाऱ्यापेक्षा पाठीशी उभं राहणाऱ्यांना दुप्पट दंड, हे मला आजही पटत नाही. त्याच वर्षी डेव्ह फुल्ट्झ यांच्या नेतृत्वाखाली खेळाडूंची संघटना उभी राहिली, त्यामागे हा असंतोषही होता.

ट्रॅव्हर्स मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च पातळीच्या बेसबॉलमध्ये, पुन्हा कधी खेळला नाही. पुढे तो जेझुइट या कॅथलिक पंथाचा धर्मगुरू झाला. एका सामन्यात २४ रन्स देण्याचा अमेरिकन लीगमधला विक्रम अजून त्याच्याच नावावर आहे.