वाचकांचे प्रश्न : कॅम्पर घेऊन रॉकी माउंटनमध्ये दोन रात्री

प्रश्न : सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही ह्यूस्टनहून विमानाने डेन्व्हरला जाऊन तेथे 25 फुटी मोटारहोम (आत राहण्याची सोय असलेली गाडी) भाड्याने घेणार आहोत आणि कोलोरॅडोतील रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानात दोन रात्री राहणार आहोत. सोबत 10 वर्षांची मुलगी आणि 68 वर्षांच्या सासूबाई असतील. त्यांना रक्तदाबाचा त्रास आहे. पहिली रात्र पूर्वेकडील मोरेन पार्क या कॅम्पग्राउंडवर काढून दुसऱ्या दिवशी ट्रेल रिज रोडने डोंगर ओलांडायचा आणि पश्चिमेकडील टिंबर क्रीक येथे मुक्काम करायचा, असा बेत आहे. तो योग्य आहे का?
– एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर : बेतात एक बदल अवश्य करावा, असे मला मनापासून वाटते. दोन्ही रात्री मोरेन पार्क येथेच राहावे. कॅम्परच्या प्रवासात प्रत्येक नव्या मुक्कामाला गाडी समतल करणे, सामान बांधणे आणि पुन्हा सोडणे यात तास-दीड तास सहज जातो. इतक्या थोड्या वेळात तो खर्च परवडत नाही, आणि सासूबाईंना दुसऱ्या संध्याकाळी परत नवी जागा, नवा अंधार असे व्हायला नको. टिंबर क्रीकची झाडे साल पोखरणाऱ्या किड्यांमुळे तोडावी लागली, त्यामुळे तेथे सावलीही नाही.

पहिल्या रात्रीविषयी अधिक काळजी घ्यावी. ह्यूस्टन जवळपास समुद्रसपाटीला, डेन्व्हर सुमारे 1,600 मीटरवर आणि मोरेन पार्क सुमारे 2,500 मीटरवर आहे. विमानातून उतरून त्याच संध्याकाळी वर चढण्यापेक्षा एक रात्र डेन्व्हर परिसरात काढून दुसऱ्या दिवशी दुपारी निवांतपणे लायन्स गावामार्गे उद्यानालगतच्या एस्टेस पार्क या गावी यावे. सासूबाईंच्या डॉक्टरांना, ट्रेल रिज रोडची कमाल उंची 3,713 मीटर आहे हे सांगूनच प्रवासाची परवानगी घ्यावी. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा एक तृतीयांशाहून अधिक कमी असतो. डोके दुखू लागले, मळमळ झाली किंवा बसल्याजागी धाप लागली, तर थोडे थांबून पाहू असे म्हणू नये. गाडी वळवून खाली यावे. उतरणे हाच त्यावरचा खात्रीचा उपाय आहे. उंचीचा परिणाम स्वयंपाकघरातही दिसेल : बंद पाकिटे फुगून टम्म होतील, सनस्क्रीनची बाटली उघडताच मलम उसळून बाहेर येईल आणि मोरेन पार्कला पाणी 92 अंशांच्या आसपासच उकळत असल्यामुळे भात शिजायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागेल.

आता ट्रेल रिज रोड. एस्टेस पार्क आणि ग्रँड लेक यांना जोडणारा हा 48 मैलांचा रस्ता 1932 मध्ये खुला झाला आणि त्यातील सुमारे 11 मैल वृक्षरेषेच्या, म्हणजे झाडे उगवण्याच्या मर्यादेच्या, वर आहेत. उद्यानातील दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास निघून या रस्त्यावर उंचावर असलेल्या अल्पाइन व्हिजिटर सेंटरपर्यंत जावे आणि दुपार होण्याआधी परत फिरावे. दुपारनंतर विजा, वारा आणि कधी गारांचा मारा होतो, आणि वृक्षरेषेच्या वर आडोसा मिळत नाही. शिवाय व्हिजिटर सेंटरला मोठ्या गाड्यांसाठी जागा मोजक्याच आहेत. वाटेत रॉक कट येथे उतरून टंड्रामधील, म्हणजे वृक्षरेषेवरच्या झाडे नसलेल्या प्रदेशातील, पक्क्या पायवाटेने थोडे चालावे. तळहाताएवढी दिसणारी फुलझाडांची गादी कित्येक दशकांत वाढलेली असते, म्हणून पायवाट सोडून एकही पाऊल टाकू नये. मुलीला हे आधी समजावून सांगितले, तर ती स्वतःच इतरांना सांगेल. खडकांतून छोटासा तीक्ष्ण चीत्कार ऐकू आला, तर तो बहुधा पायका या लहानशा प्राण्याचा असतो.

परतताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी आणि ब्रेकवर पाय दाबून बसू नये. अनेक ठिकाणी कठडा नाही, त्यामुळे पहिल्यांदा मोटारहोम चालवणाऱ्याला दरीच्या बाजूची भीती वाटणे स्वाभाविक आहे. मागे गाड्या साठल्या, तर रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत बाजूला होऊन त्यांना पुढे जाऊ द्यावे. ओल्ड फॉल रिव्हर रोडकडे मात्र वळू नये : तो कच्चा, एकदिशा रस्ता आहे आणि तेथे 25 फुटांहून अधिक लांबीच्या गाड्यांना बंदी आहे. आपली गाडी नेमकी मर्यादेवर येते आणि मागचा बंपर व सायकल स्टँड धरला तर ओलांडूनही जाते.

उद्यानातील तिसऱ्या दिवशी सकाळी बेअर लेक पाहावे. तेथील वाहनतळ लहान असून पहाटेच भरतो, म्हणून गाडी पार्क अँड राइड या अलीकडच्या वाहनतळावर ठेवून मोफत शटल बस घ्यावी. तळ्याभोवतीची सुमारे एक किलोमीटरची वाट सासूबाईंनाही जमण्यासारखी आहे. मुलीला पुढे ड्रीम लेकपर्यंत, म्हणजे एकेरी सुमारे पावणेदोन किलोमीटर, न्यावे. बेअर लेकच्या रस्त्यासाठी वेगळे वेळनिश्चित प्रवेशपत्र लागते. मुक्कामाच्या आरक्षणात ते समाविष्ट आहे का, हे रिक्रिएशन डॉट गव्ह या संकेतस्थळावर आधी तपासावे.

एक गोष्ट भाड्याने गाडी देणारे सहसा नीट सांगत नाहीत. हीटरची उष्णता गॅसवर मिळते, पण त्याचा पंखा गाडीच्या राहत्या भागाच्या बॅटरीवर चालतो. सप्टेंबरच्या रात्री तापमान शून्याजवळ येते आणि बॅटरी पहाटे संपली, तर गॅस शिल्लक असूनही सगळे गारठतात. म्हणून जनरेटर चालवण्यास परवानगी असलेल्या संध्याकाळच्या वेळेत तो लावून बॅटरी भरून घ्यावी, आणि बहुतेक जागांवर पाण्याची जोडणी नसल्याने टाकी आधीच भरावी.

आणि एक संध्याकाळ मोरेन पार्कच्या कुरणाकडे पाहत शांत बसण्यासाठी राखून ठेवावी. या दिवसांत नर एल्क (एक मोठे हरीण) ओरडू लागतात : खोल घशातून सुरू झालेला आवाज चढत चढत शिटीसारखा बारीक होतो आणि शेवटी दोन-तीन हुंकारांनी तुटतो. कुरणात त्या वेळी जाण्यास मनाई असते; रस्त्याच्या कडेनेच पाहावे आणि एल्कपासून किमान 75 फूट दूर राहावे. मूस (एल्कहूनही मोठे हरीण) किंवा अस्वल दिसले, तर हे अंतर 120 फूट आहे.

प्रश्न : आमचा कुत्रा याच उद्यानात न्यायचा आहे. चालेल का?
– एक वाचक, फिनिक्स

उत्तर : कॅम्पसाइट, वाहनतळ आणि रस्त्याची कडा येथेच, आणि सहा फुटांहून लांब नसलेल्या दोरीने बांधून. कोणत्याही पायवाटेवर, तळ्याकाठी किंवा टंड्रावर कुत्र्यांना परवानगी नाही. याचा अर्थ, घरातील एक जण कायम कुत्र्यासोबत मागे राहील. दोन दिवसांच्या सहलीत हे सर्वांनाच जड जाते, त्यामुळे या वेळी त्याची सोय घरी करावी, असा माझा सल्ला आहे.