दही लागेना, दोष कुणाचा?

प्रश्न : डॉक्टर, आमच्याकडे तबेल्यातलं सुटं म्हशीचं दूध येतं. हल्ली बऱ्याचदा दहीच लागत नाही, नुसतं पाणचट राहतं. सासूबाई म्हणतात, म्हशीला इंजेक्शन दिलं असणार. पण आम्ही दूध चांगलं उकळतो, मग औषध निघून जातं ना?
– एक वाचक, जोगेश्वरी

उत्तर : ताई, सासूबाईंचा संशय अगदीच हवेतला नाही. दही लावतात ते जंतूच, आणि दुधात अँटिबायोटिक उरलं असेल तर ते विरजणातल्या जंतूंनाही सोडत नाही. पण लगेच भांडायला जाऊ नका, विरजण जुनं असेल, दूध जास्त गरम असताना लावलं असेल किंवा दूध टिकावं म्हणून कुणी त्यात काही घातलं असेल तरी हेच होतं. एकाच विरजणाने, सारख्याच कोमट दुधात, एका वाटीत पिशवीचं आणि एका वाटीत तबेल्याचं असं लावून बघा. पिशवीचं लागलं आणि तबेल्याचं दोन-तीनदा फसलं तर मग विचारायलाच हवं.

उकळण्याचं म्हणाल तर जंतू मरतात, औषध बरंचसं तसंच राहतं. ज्यांना पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे त्यांना ते नडूही शकतं.

होतं काय, म्हशीला दगडी झाली, म्हणजे कास सुजली, की सडात औषधाची ट्यूब सोडतात. ते बरोबरच आहे, आजारी जनावराला औषध द्यायलाच पाहिजे. प्रश्न त्यानंतरच्या दुधाचा. ते किती दिवस विकायचं नाही हे लेबलवर असतं, आणि लेबलवर नसेल तर २०१२ पासून नियम असा की दूध-अंड्यासाठी निदान ७ दिवस, मांसासाठी निदान २८ दिवस. आता म्हैस दिवसाला १० लिटर देत असेल तर ७० लिटर दूध ओतून द्यायचं, तेही चाऱ्या-पेंडीचे भाव असे चढलेले असताना! कोण देतो सांगा? म्हणून तबेलेवाल्याला शांतपणे एवढंच विचारा, औषध चालू असलेल्या म्हशीचं दूध वेगळं काढता का. गडबडला तर दूधवाला बदला.

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज फिरतोय की ब्रॉयलरला हार्मोन टोचतात आणि अँटिबायोटिक्स खाऊ घालतात. चिकन बंद करू का?
– कुर्ल्याचा एक चिकनप्रेमी

उत्तर : दादा, हार्मोनचं सोडून द्या. हजारो कोंबड्यांना एकेक करून सुई टोचणं परवडतच नाही, त्या झटपट वाढतात त्या जातीमुळे आणि खाद्यामुळे. अँटिबायोटिकचं मात्र खरं आहे आणि माझा राग तिथेच आहे. आजार नसताना, नुसतं वजन वाढावं म्हणून खाद्यातून थोडं थोडं औषध दिलं की कच्चे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात. कोलिस्टिन हे आयसीयूत बाकी काही चालेना तेव्हा वापरायचं औषध, आणि तेच कोंबडीच्या खाद्यात जायचं! २०१५ साली चीनमध्ये डुकरांच्या जंतूंत असा जीन सापडला ज्याच्यामुळे जंतू कोलिस्टिनला दाद देत नाही, वर एक जंतू तो जीन दुसऱ्याला देऊन टाकतो. आपल्याकडे २०१९ ला जनावरं-कोंबड्यांसाठी कोलिस्टिनवर बंदी आली.

आणि गंमत बघा, ब्रॉयलर साधारण सहा आठवड्यांत विकला जातो, म्हणजे २८ दिवसांचा नियम लागू होणारं औषध दुसऱ्या आठवड्यानंतर दिलं तर तो पक्षी वेळेत विकताच येत नाही. नियम पाळला जातो का, याचा हिशोब तुम्हीच लावा.

खायचं तर खा, पण पूर्ण शिजवून. शिजवल्यावर चिवट जंतूही मरतात. खरी भानगड कच्च्या चिकनची, ते नळाखाली धुतलं की शिंतोडे सगळ्या ओट्यावर (हो, माहितेय, न धुता शिजवायचं म्हटलं की आपल्याकडे नाकं मुरडतात). त्याच सुरीने कोशिंबिरीची काकडी चिरू नका.

प्रश्न : आमच्या चार-पाच गावठी कोंबड्या माना वाकड्या करून मरतायत. घरातली उरलेली अ‍ॅमॉक्सिसिलिन पाण्यातून दिली, उपयोग नाही.
– गोरेगाव

उत्तर : होणारच नाही. लक्षणं राणीखेत या कोंबड्यांच्या रोगाची वाटतात आणि तो व्हायरसमुळे होतो, त्याच्यावर अँटिबायोटिक चालत नाही. इलाज म्हणजे आधीच दिलेली लस. जगल्यात त्या वेगळ्या ठेवा आणि आजच सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, कारण पटापट मरतात तेव्हा बर्ड फ्लूही तपासावा लागतो, २००६ साली नवापूरला तोच निघाला होता. मेलेल्यांना उघड्या हाताने उचलू नका, आणि कृपा करून नाल्यात तर टाकूच नका.